मालवणी मुलखातले हत्यारी पोलाद

सिंधुदुर्गाच्या जांभ्याचा तांबडा रंग हा लोखंडाचाच. मालवण परिसरातल्या लोहखनिजाची नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटियरात आहे, आणि पुढे वेंगुर्ले तालुक्यातल्या रेडीचे खनिज जहाजे भरभरून बाहेर गेले. हत्याराचे पोलाद मात्र इथल्या लोहाराकडे उलट वाटेने, बाहेरून आले. तेही बहुधा मोडीतून, म्हणजे ट्रकचे तुटलेले कमानपाटे आणि झिजलेल्या कानशी यांच्या रूपात.

ही निवड अंदाजाची नव्हती. कमानपाट्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर असतो. असे पोलाद चिवट, म्हणून नारळ सोलणाऱ्या कोयत्याला योग्य. कानशीत तो एक टक्क्याहून अधिक, त्यामुळे ती कठीण पण ठिसूळ. लोखंड तोडणाऱ्या छिन्नीला कठीणपणा आणि चिवटपणा दोन्ही लागतात, आणि ते साधते पाणी देण्यातून. छिन्नीचे टोक भात्यावर लालबुंद करून पाण्यात बुडवतात. मग ते दगडावर घासून चकचकीत करतात आणि मागच्या तापलेल्या भागाची ऊब धारेकडे येऊ देतात. घासलेल्या पृष्ठभागावर फिकट पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा असे रंग क्रमाने सरकतात. जांभळा रंग धारेला पोहोचला की छिन्नी पुन्हा पाण्यात. क्षणभर आधी बुडवली तर धार तडकते, उशीर झाला तर वळते. तापमापकाविना सुमारे २८० अंश ओळखणारी ही नजर म्हणजे लोहाराची खरी विद्या.

या पोलादाची मर्यादा उष्णतेची. दोनशे-अडीचशे अंशांपुढे त्याचा कठीणपणा उतरू लागतो. हातछिन्नीला ते चालते, लेथवर नाही. रॉबर्ट मशेटने १८६८ मध्ये टंगस्टन घालून हवेतच कठीण होणारे पोलाद काढले. टेलर आणि व्हाइट यांचे हायस्पीड स्टील १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात गाजले. पुढे रूढ झालेल्या मिश्रणात १८ टक्के टंगस्टन, ४ टक्के क्रोमियम आणि १ टक्का व्हॅनेडियम असते, आणि ते सहाशे अंशांपर्यंत टिकते.

मासेमारी होड्यांना डिझेल इंजिने बसली, तसे पंख्याचे शाफ्ट कातण्याचे काम किनाऱ्यावरही आले आणि लेथबरोबर हे पोलादही आले. त्याला पाणी देण्यासाठी बाराशे अंशांहून अधिक, तेही नेमके तापमान लागते. ते भात्यावर जमत नाही. म्हणून त्याचे टूल तयारच विकत येते, आणि कारागीर त्याला फक्त ग्राइंडरवर धार लावतो.