महायुद्धाचा दोष कोणाचा?

२८ जून १९१४ रोजीं साराजेव्हो येथें गाव्ह्रिलो प्रिन्सिप या तरुणानें ऑस्ट्रियाच्या युवराजास गोळी घातली आणि महायुद्ध पेटलें, असें आपण सर्वांनीं शाळेंत पाठ केलें आहे. परंतु ठिणगी म्हणजे दारूचें कोठार नव्हे. तें कोठार कोणीं भरलें, हा खरा प्रश्न आहे.

पहिलें उत्तर जेत्यांनीं दिलें. १९१९ च्या व्हर्सायच्या तहांतील २३१ व्या कलमानें युद्धहानीची जबाबदारी जर्मनी व त्याचे साथीदार यांवर टाकली. पुढें अनेक विद्वानांनीं दोष सर्वांस वांटून दिला. १९६१ सालीं फ्रिट्झ फिशर या जर्मन इतिहासकारानेंच बर्लिनच्या महत्त्वाकांक्षेकडे पुन्हा बोट दाखविलें. तर २०१२ सालीं ख्रिस्तोफर क्लार्क यांनीं सर्वच मुत्सद्द्यांना झोपेंत चालणाऱ्यांची उपमा दिली.

आम्हांस तारखांचा क्रम अधिक बोलका वाटतो. ५ जुलैस कैसरनें ऑस्ट्रियास पाठिंब्याचें अभिवचन दिलें. २३ जुलैस सर्बियास ४८ तासांच्या मुदतीचा निर्वाणीचा खलिता गेला. २८ तारखेस ऑस्ट्रियानें युद्ध पुकारलें. ३० तारखेस रशियानें सर्व सैन्य जमविण्याचा हुकूम सोडला. आणि ४ ऑगस्टला जर्मन फौजा बेल्जममध्यें शिरतांच इंग्लंड रणांत उतरलें. राष्ट्राराष्ट्रांचे करार, सेनापतींच्या योजना, आगगाड्यांचीं वेळापत्रकें आधींच सिद्ध होतीं, हें खरें. पण हुकुमांवर सह्या माणसांनींच केल्या. म्हणून ‘परिस्थितीचा दोष’ हा निवाडा आम्हांस मान्य नाहीं. व्हिएन्ना व बर्लिन यांचा वांटा सर्वांत मोठा. रशियाचाही दुर्लक्षिण्याजोगा नव्हे.

हा वाद केवळ पंडिती नाहीं. सारा दोष एकाच राष्ट्राच्या माथीं मारला, या समजुतीनें जर्मन मनांत जी जळजळ राहिली, तिचाच हिटलरनें उपयोग केला. तथापि त्यामुळें १९३९ चें पाप व्हर्सायच्या माथीं जात नाहीं. पोलंडवर चाल करण्याचा निर्णय हिटलरचाच होता.

आणि आपण? हिंदुस्थानास न विचारतांच त्यास १९१४ सालीं युद्धांत ओढलें गेलें. इराकांतील कूत येथें महिनोन्‌महिने वेढ्यांत उपाशी राहून २९ एप्रिल १९१६ रोजीं जें सैन्य शरण गेलें, त्यांत मराठा पलटणीचे शिपाईही होते. दोषाच्या वांटणींत त्यांचा हिस्सा नव्हता. भोगांत मात्र होता. कारणांची चिकित्सा करतांना त्यांचें स्मरण सुटूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.