वेगाच्या देवाची फळी

पुण्यात वडिलांच्या येझदीवर मी गाडी शिकलो. कानानं कार्ब्युरेटर लावायचा, चोक ओढून किक मारायची. म्हणूनच न्यूझीलंडला आल्यावर थेट इन्व्हरकार्गिल गाठलं. तिथं ई. हेज या हार्डवेअरच्या दुकानात वेगाचा विक्रम करणाऱ्या मोटारसायकलस्वार बर्ट मन्रोची इंडियन स्काउट ही मोटारसायकल ठेवलेली आहे.

मन्रोनं ती १९२० साली घेतली. ६०० सीसीची गाडी, ताशी जेमतेम ८८ किलोमीटर पळणारी. पुढं जन्मभर त्यानं तिच्यावर काम केलं. पिस्टन स्वतः ओतले, कनेक्टिंग रॉड हातानं घडवले, इंजिन ९५० सीसीच्या आसपास नेलं. फुटलेले भाग फळीवर मांडले आणि ते वेगाच्या देवाला वाहिल्याचं तिथं लिहून ठेवलं. खंडेनवमीला आपण अवजारांना फूल वाहतो, तोच हा भाव. मला ही फळी त्याच्या विक्रमाहूनही मोठी वाटते. जुन्या गाडीत मालकाला हात घालता येतो, तिचं दुखणं समजून घेता येतं. तिची ओढ लागते ती यामुळेच.

विक्रमही साधा नव्हे. २६ ऑगस्ट १९६७ रोजी, ६८व्या वर्षी, अमेरिकेत बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर त्यानं तीच गाडी ताशी २९५ किलोमीटरच्या वर पळवली.