इम्पार्जा : मालकीचा प्रश्न आणि आवाजाचा प्रश्न

ऑस्ट्रेलिया म्हटले की आपल्याला प्रथम क्रिकेट आठवते. तेव्हा आरंभ तेथूनच करू. 1988 सालच्या 2 जानेवारीस त्या खंडाच्या मध्यभागी, अॅलिस स्प्रिंग्ज या गावाहून एका नव्या दूरचित्रवाणीचे पहिले प्रक्षेपण झाले, आणि त्यात दिसला तो ऑस्ट्रेलिया-श्रीलंका क्रिकेट सामना! या दूरचित्रवाणीचे नाव इम्पार्जा. पाऊलखुणा या अर्थाच्या अरंडा भाषेतील शब्दावरून ते घेतलेले. तिचा परवाना व्यापारी होता, पण मालक होते त्या भूमीचे मूळ रहिवासी. तिचे क्षेत्र सुमारे 36 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या अकरा-बारा पट. आणि एवढ्या मुलखात वस्ती अवघी काही लाखांची.

ही गोष्ट एकाएकी घडली नाही. तिचे मूळ शोधू गेल्यास आम्हांला ते एका संपात सापडते. उत्तर ऑस्ट्रेलियातील गुरांच्या मोठमोठ्या कुरणांवर आदिवासी गुराखी राबत, आणि त्याच कामासाठी गोऱ्याला मिळे त्याहून फार कमी मजुरी त्यांच्या पदरी पडे. 1966 च्या मार्चमध्ये लवादाने समान वेतनाचे तत्त्व मान्य केले. पण अंमल मात्र 1968 च्या डिसेंबरपर्यंत लांबविला. ज्याचे पोट आज रिकामे आहे त्याला अडीच वर्षांनंतरचा न्याय काय कामाचा? 1966 च्या ऑगस्टमध्ये व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या पाठोपाठ वेव्ह हिल येथील सुमारे दोनशे गुरिंजी स्त्री-पुरुष काम सोडून चालते झाले. डेक्स्टर डॅनियल्स हा आदिवासी संघटक कामगार संघटनेच्या वतीने त्यांच्या पाठीशी उभा होता. मजुरीची मागणी लवकरच जमिनीची मागणी झाली. 1975 साली पंतप्रधान व्हिटलम यांनी लिंगियारींच्या ओंजळीत माती घातली, आणि 1976 साली उत्तर प्रदेशासाठी, म्हणजे नॉर्दर्न टेरिटरीसाठी, आदिवासी भूमिहक्काचा कायदा झाला.

या कायद्याने खाणींच्या उत्पन्नातील वाटा आदिवासींच्या एका निधीत जमू लागला. इम्पार्जाच्या उभारणीस जो पैसा लागला, त्यातला काही भाग याच निधीतून आला. संप, जमीन, निधी आणि मग दूरचित्रवाणी, अशी ही साखळी आहे.

पण दूरचित्रवाणी हवीच कशाला, असे कोणी विचारील. कारण असे की, 1985 साली ऑस्ट्रेलियाचा पहिला दळणवळण-उपग्रह आकाशात गेला. आता आडरानातल्या वस्तीवरही सिडनी-मेलबोर्नची इंग्रजी चित्रे दिवसरात्र उतरणार होती. घरातल्या मुलांच्या कानी आजीची भाषा पडणार की जाहिरातीची? 1980 साली फ्रेडा ग्लिन, जॉन मॅकुम्बा व फिलिप बॅटी यांनी अॅलिस स्प्रिंग्ज येथे आदिवासींची प्रसारसंस्था स्थापिली होती आणि तिची नभोवाणी लोकांच्या भाषांत बोलू लागली होती. त्या संस्थेने ठरविले की, उपग्रह येणारच असेल तर त्याचा परवाना आपणच मागावा. समोर डार्विनचे व्यापारी केंद्र स्पर्धेत होते. 1986 साली न्यायाधिकरणाने कौल दिला तो आदिवासींच्या बाजूने.

येथे टाळ्या वाजवून थांबता आले असते. परंतु कामगार चळवळीने आम्हांला दोन प्रश्न विचारायला शिकविले आहे. यंत्र कोणाचे, हा पहिला. यंत्रातून काय निघते, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळाल्याने दुसऱ्याचे आपोआप मिळत नाही. उपग्रहाचे भाडे भरायचे तर जाहिराती हव्यात. जाहिराती हव्यात तर शहरातील मोठ्या जाळ्यांचे लोकप्रिय कार्यक्रम हवेत. परिणामी पडद्यावर बहुतेक वेळ इंग्रजीच राहिली, आणि आदिवासी भाषांच्या वाट्याला आठवड्यातील थोडा वेळ आला. मालक बदलला, पण बाजाराचे गणित तेच राहिले. तरीही दारूची जाहिरात घ्यायची नाही, हा नेम इम्पार्जाने केला. दारूने ज्या वस्त्यांची घरे मोडली, त्यांच्याच पैशाने उभे राहिलेले केंद्र दारू कशी विकणार? धंद्याच्या दृष्टीने हा तोटा होता. मालकीचा अर्थ मात्र अशाच ठिकाणी कळतो.

दुसऱ्या प्रश्नाचे अधिक चांगले उत्तर लहान वस्त्यांनी दिले. युएन्डुमू येथील वार्लपिरी लोकांनी आणि एर्नाबेला येथील पिट्जंट्जाट्जारा लोकांनी 1985 सालीच, परवान्याची वाट न पाहता, गावापुरते स्वतःचे प्रक्षेपण सुरू केले होते. मृताचे नाव घेऊ नये, त्याचे चित्र दाखवू नये, ही त्यांची रीत. चित्रफितीही त्या रीतीनुसार बाजूला ठेविल्या जात. पुढे 1987 पासून सरकारी योजनेतून सुमारे 80 वस्त्यांना लहान यंत्रसामग्री मिळाली. तिच्यात एक साधी सोय होती : उपग्रहावरून येणारे चित्र थांबवून गावाने आपले चित्र लावावे. पुढे इम्पार्जाच्या दुसऱ्या वाहिनीवर अशा वस्त्यांचे कार्यक्रम दिसू लागले. परंतु 2007 साली नवी राष्ट्रीय आदिवासी वाहिनी आली, तिला जागा हवी होती, आणि वस्त्यांच्या कार्यक्रमांना त्या जागेवरून उठावे लागले. आपल्याच माणसांच्या मोठ्या संस्थेने आपल्याच लहानांना बाजूस सारावे, हा अनुभव संघटनेत वावरणाऱ्या कोणालाही नवा नाही.

तेव्हा इम्पार्जाचा इतिहास आम्हांला यशाची कथा म्हणून सांगावयाचा नाही, आणि अपयशाची म्हणूनही नाही. हक्क एकदा मिळविला की संपला, असे होत नाही. परवाना भिंतीवर टांगला तरी कळ कोणाच्या हाती आहे, हे रोज पाहावे लागते. लिंगियारींच्या ओंजळीत माती आली; तिच्यात पेरायचे काय, हा प्रश्न त्यांच्या मुलानातवंडांपुढे उरला. आणि तो केवळ त्यांच्यापुढेच उरला आहे, असे आम्हांला वाटत नाही.