मुलाणी, मटण आणि 'हलाल'

सोलापुरात जेवण मागवायच्या अ‍ॅपवर 'हलाल' ही खूण रोमन लिपीत दिसते. लहानपणी मला तो इंग्रजी शब्दच वाटायचा. आजीला मात्र तो घरचा. तिच्या माहेरी, बार्शीकडच्या गावात, जत्रेचं बोकड कापायला मुलाणी यायचे. त्यांनी बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवल्याशिवाय मराठ्यांच्या घरी मटण शिजत नसे.

दख्खनच्या अनेक गावांत मुलाणी हा बलुतेदार होता. मशिदीची देखभाल आणि गावाची बकरी कापणं हे त्याचं काम, आणि त्याबदल्यात त्याला धान्य मिळे. मुलाणी हे आडनाव आपल्या जिल्ह्यात आजही भेटतं.

अरबीत 'हलाल' म्हणजे धर्माला मान्य असलेलं. मांसाइतकाच तो कमाईलाही लागतो. त्याच्या उलट 'हराम'. आपण 'हरामाचा पैसा' किंवा 'नमकहराम' म्हणतो, तेव्हा याच जोडीतला दुसरा शब्द वापरतो.

इंग्रजीतही तो सुपरमार्केटच्या खूप आधी पोचला. युल आणि बर्नेल यांच्या 1886 च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात 'हलालकोर' अशी नोंद आहे. अर्थ, मैला साफ करणारा. मूळ शब्द 'हलालखोर', म्हणजे हलालाचं खाणारा. हे नाव अकबराने रूढ केलं, असं अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त लिहिलंय. 1888 च्या मुंबई महापालिका कायद्यात तर 'हलालखोर टॅक्स' होता. तो मैला उचलण्याच्या व्यवस्थेसाठी घेतला जाई. नाव सन्मानाचं मिळालं, पण काम आणि त्यामागची जात तीच राहिली.

आज इंग्रजीत हा शब्द बहुतेक वेळा पाकिटावरच्या शिक्क्यापुरता उरलाय, आणि भांडणही त्या शिक्क्यावरून होतं. जानेवारी 2021 मध्ये 'अपेडा'ने मांस निर्यातीच्या नियमपुस्तिकेतून 'हलाल' काढला. मार्च 2025 मध्ये महाराष्ट्रात झटका मटणासाठी 'मल्हार' प्रमाणपत्राची घोषणा झाली.

ती बातमी मी आजीला वाचून दाखवली. ती म्हणाली, "अरे, आमच्या खंडोबाचं बोकड मुलाणीच कापायचे की!"

कुणी काय खावं हे ज्याने त्याने ठरवावं. पण 'हलाल' बाहेरून आला असं कुणी म्हणालं, तर मला बार्शीकडची ती जत्रा आठवते.