डिमर बिघडला? स्विच बदलण्याआधी बल्ब तपासा

हॉलमधला दिवा लुकलुकतोय, डिमर फिरवला की गुंऽऽ असा आवाज येतोय, किंवा उजेड कमी करायला गेलं की दिवा एकदम विझतोय. अशा वेळी दोष डिमरला दिला जातो. प्रत्यक्षात गडबड अनेकदा बल्बची असते.

असं का होतं?
बेळगाव असो, पणजी असो की इंदूर, घरातली वीज 230 व्होल्ट, 50 हर्ट्झचीच. डिमर या विजेच्या प्रत्येक अर्ध्या लहरीचा काही भाग कापतो, म्हणजे सेकंदाला 100 वेळा वीज तोडतो आणि जोडतो. जुन्या पिवळ्या बल्बची तापलेली तार तेवढ्यात थंड होत नाही, त्यामुळे फरक जाणवत नाही. साध्या एलईडीच्या सर्किटला मात्र अशी कापलेली वीज मानवत नाही. शिवाय 60 वॉटच्या जागी 9 वॉटचा एलईडी लावला, तर जुन्या डिमरला लागणारा किमान लोडही मिळत नाही.

घरच्या घरी तपासणी
एमसीबी बंद करा, बल्ब थंड होऊ द्या आणि त्या जागी 60 वॉटचा जुना बल्ब लावून पाहा.

- उजेड नीट कमी-जास्त झाला, तर डिमर ठीक आहे. पाकिटावर 'डिमेबल' लिहिलेला एलईडी आणि त्याला चालणारा डिमर घ्या.
- बटण कुठेही फिरवा, उजेड पूर्णच राहतो, तर डिमरमधला ट्रायक शॉर्ट झालेला असू शकतो. डिमर बदलावा लागेल.
- ठरावीक जागीच दिवा लागतो, तर बटणाखालची पट्टी झिजली असावी.
- दिवा लागतच नाही, तर वायर सैल झाली असेल किंवा डिमर गेला असेल.

इथे थांबा
डिमर थोडा कोमट लागणं नेहमीचं आहे. पण हात ठेवता येत नाही इतका तापला, जळका वास आला, ठिणगी दिसली किंवा प्लेट काळी पडली, तर एमसीबी बंद करून परवानाधारक वायरमनला बोलवा. सैल जोड तापून आग लागू शकते.

दिवा विझलेला असला तरी डिमरपर्यंत आलेल्या फेजच्या वायरमध्ये करंट असतोच. त्यामुळे नुसतं बटण बंद करून प्लेट उघडू नका. आणि दिव्याच्या डिमरवर पंखा कधीच जोडू नका, त्याचा रेग्युलेटर वेगळा असतो.