हेगरचा जन्म

भूतकाळ बदलण्याच्या विज्ञानकथा मी आवडीने वाचतो. कुणीतरी मागे जातो, एखादी गोळी चुकवतो, एखाद्याला वाचवतो किंवा मारतो. परत येऊन पाहतो तो वर्तमान ओळखू येत नाही. कथा थरारक असतात ह्यात शंका नाही. पण त्या वाचताना एक प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. बदलायचा हा भूतकाळ कुणाचा?

डॉ. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा अनेकांनी वाचली असेल. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर दुसऱ्याच इतिहासात जाऊन पडतात. तिथे १७६१ साली पानिपतावर विश्वासरावांना गोळी नुसती चाटून जाते. मराठे जिंकतात, कंपनीचा पसारा मुंबई-कलकत्त्यासारख्या ठिकाणांपुरता उरतो, आणि विसाव्या शतकात पेशव्यांच्या जागी हळूहळू लोकनियुक्त सत्ता येते. एका क्षणाने घटनांची दिशा कशी पालटते हे नारळीकरांना दाखवायचे होते, ते त्यांनी दाखवले. जात हा त्या कथेचा विषय नव्हे. पण वाचक आपला प्रश्न दाराबाहेर काढून ठेवून आत जात नसतो. पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू असे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये लिहिले. त्या दुसऱ्या पुण्यात हे मडके कोणत्या सालापर्यंत राहिले असते? १ जानेवारी १८१८ची कोरेगावची लढाई झालीच नसती. मग त्या स्तंभावरची महार शिपायांची नावे कुठे कोरली गेली असती?

ह्याहून अवघड प्रश्न पुढेच आहे. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार होते. महूच्या लष्करी छावणीत १८९१ साली बाबासाहेबांचा जन्म झाला. पलटणीने घरात अक्षर आणले. ही पलटण कुणाची? ज्यांनी हा देश लुटला त्यांची. १८९०च्या सुमारास त्याच सरकारने महारांची भरती बंद केली, म्हणजे उपकाराचा तर प्रश्नच नाही. तरीही कंपनी सरकार इतिहासातून पुसून टाका म्हटले की माझा हात अडखळतो. पुसताना आणखी काय काय पुसले जाईल?

हा अडखळलेला हात मला एका कादंबरीत भेटला. तीही आपल्याकडची नव्हे, अमेरिकेतली. हे अंतर आपल्याला नवे नाही. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस ह्यांना पत्र लिहिले. आणि १९७२ साली पँथर हे नाव आपण तिथूनच उचलले. कादंबरीचे नाव 'किंड्रेड', म्हणजे एका रक्ताचे. लेखिका ऑक्टेव्हिया बटलर, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाची, मोलकरणीची मुलगी. १९७९ साली ही कादंबरी आली. त्याच्या आदल्याच वर्षी आपल्याकडे 'बलुतं' आले होते.

नायिका डॅना १९७६ सालची, काळी, स्वतः लेखिका. नवरा केविन गोरा. सव्विसाव्या वाढदिवशी तिला भोवळ येते आणि ती एका नदीकाठी जाऊन पडते. नदीत एक गोरा पोरगा बुडत असतो. ती त्याला वाचवते. हा रुफस, मेरीलँडमधल्या एका गुलामांच्या मालकाचा मुलगा. साल १८१५च्या आसपासचे. पुढे जेव्हा जेव्हा रुफसचा जीव धोक्यात येतो तेव्हा तेव्हा डॅना मागे ओढली जाते. ह्यात यंत्र नाही, शास्त्र नाही. म्हणूनच बटलर स्वतः ह्या पुस्तकाला विज्ञानकथा म्हणत नसत. डॅनाला कळते की आपल्या घराण्याच्या बायबलमध्ये ज्या हेगरचे नाव आहे, तिचा बाप हाच रुफस, आई अ‍ॅलिस. हेगर जन्मणार १८३१ साली. तोवर रुफस जगला पाहिजे. तो मेला तर डॅनाच नाही!

अ‍ॅलिस जन्माने स्वतंत्र होती. गुलाम नवऱ्याला पळून जायला मदत केली म्हणून तिलाच गुलाम केले गेले. नवऱ्याचे कान कापून त्याला दक्षिणेत विकले. रुफस अ‍ॅलिसला विकत घेतो, आणि ती मुकाट्याने आपल्याकडे यावी म्हणून तिची समजूत घालायला डॅनाला पाठवतो. नाही आली तर फटके आहेतच. डॅना जाते. कादंबरीतली सगळ्यात भयंकर जागा मला ही वाटते. भूतकाळ सुधारायला गेलेली शिकलेली मुलगी स्वतःच्या जन्मासाठी आपल्याच खापरपणजीच्या आईला मालकाच्या खोलीकडे वाट दाखवते.

हे सारे कल्पनेतले आहे असे म्हणून सुटका होत नाही. कथा घडते मेरीलँडच्या ईस्टर्न शोअर भागात. ह्याच भागात १८१८ साली फ्रेडरिक डग्लस जन्मले. आपला बाप गोरा होता, मालकच असावा अशी कुजबुज होती, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. मूल आईच्या स्थितीला जाते, असा तिथला कायदा. म्हणजे मालकाचे पोर मालकाचीच मालमत्ता. १८०८पासून आफ्रिकेतून गुलाम आणण्यास बंदी होती, म्हणून मेरीलँडमधली माणसे दक्षिणेतल्या कापसाच्या मळ्यांसाठी विकली जाऊ लागली. लिंकनचा १८६३चा मुक्तीचा जाहीरनामाही मेरीलँडला लागू नव्हता. तिथली गुलामगिरी १८६४ साली राज्याच्या नव्या संविधानाने संपली.

ह्या कादंबरीचे मूळ मात्र १९६०च्या दशकातल्या एका संतापात आहे. बटलर शिकत असताना एक काळा विद्यार्थी म्हणाला की, इतकी वर्षे आपल्याला मागे ओढणाऱ्या ह्या सगळ्या म्हाताऱ्यांना ठार करावेसे वाटते, पण सुरुवात स्वतःच्या आईबापांपासून करावी लागेल. आपल्या सभांतून असली वाक्ये मी ऐकली आहेत. बापाने जोहार का घातला, आईने शिळे तुकडे पदरात का घेतले, असे विचारणारे आवाज. विद्रोहाला हा प्रश्न विचारावाच लागतो. बटलर त्या पोराला उपदेश करीत नाहीत. त्या डॅनाला सरळ स्वयंपाकघरात नेऊन उभ्या करतात. तिथली सेरा मालकाचे रांधते, मान खाली घालते. साठच्या दशकातल्या तरुणांनी जिला तुच्छतेने हसावे अशी ही बाई. तिची तीन मुले विकली गेली आहेत, चौथी मुकी मुलगी तेवढी उरली आहे. पळून जायचे तर तिला सोडून का? डॅना स्वतः एका पोराला वाचायला शिकवताना सापडते आणि चाबूक खाते, तेव्हा आपले बंड किती दिवस टिकेल हे तिलाही सांगता येत नाही. गुलामगिरीची सवय माणसाला किती सहज लागते, हे तिचे तिलाच दिसते.

आणि परिणाम? हेगर जन्मते. आपली मुले विकली गेली असे रुफस खोटेच भासवतो आणि अ‍ॅलिस गळफास घेते. मग तो डॅनावरच हात टाकतो, तेव्हा ती त्याला सुरा मारून संपवते आणि परत येते. पण रुफसने मरताना धरलेला तिचा डावा हात भिंतीत राहतो. तो दिवस असतो ४ जुलै १९७६. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला त्या दिवशी २०० वर्षे झाली.

मालक मेला, मग गुलाम सुटले का? पुढे डॅना आणि केविन मेरीलँडला जाऊन जुने कागद शोधतात. एका वर्तमानपत्रात घर जळून मालक मेल्याची बातमी सापडते आणि त्याच्या गुलामांच्या विक्रीची जाहिरात. सेरा त्यात आहे. मालक मेला की त्याची मालमत्ता विकली जाते; डॅनाच्या सुऱ्याने ती माणसे बाजारात गेली. यादीत चार नावे तेवढी नाहीत, हेगर त्यांपैकी एक. तिचे पुढे काय झाले ते डॅना बायबलमधल्या नोंदींवरून जाणते. बाकीच्यांचा माग लागत नाही. तो लागणार तरी कसा? १८५० आणि १८६०च्या जनगणनेत गुलामांची नोंद मालकाच्या नावाखाली वय, लिंग आणि रंग एवढीच होई. त्यांची नावे सरकारी कागदावर सरसकट येऊ लागली ती १८७० साली.