पबजीचा झोन गोलच का?

झोन आवळत येतो आणि आपण जीव मुठीत धरून पळतो. पण तो गोलच का?

'आर्मा २' हा प्रागच्या बोहेमिया इंटरॅक्टिव्हचा लष्करी सिम्युलेशन गेम. त्यावर न्यूझीलंडच्या डीन हॉलने २०१२ मध्ये झॉम्बींचा 'डे-झी' मॉड केला. ब्राझीलमध्ये राहणारा आयरिश फोटोग्राफर आणि वेब डिझायनर ब्रेंडन ग्रीन त्याच्या नादी लागला. २०१३ मध्ये त्याने मॉडवरच मॉड चढवला: 'बॅटल रॉयल' या जपानी सिनेमासारखा, शेवटी एकच जिवंत. सुरक्षित जागा त्याला चौकोनी हव्या होत्या, पण तेवढं कोडिंग येत कुठे होतं! मग वर्तुळावर भागवलं. (नाहीतर आज आपण कोपरे धरून बसलो असतो.)

खेळणारे वाढले, पण पोट भरेना. आयर्लंडला परतून गड्याने सरकारी भत्त्यावर दिवस काढले. पुढे कोरियाच्या ब्लूहोल कंपनीने बोलावलं. २०१७ मध्ये पबजी आला, २०१८ मध्ये मोबाईलवर. आपल्याकडे २ सप्टेंबर २०२० ला बंदी, २०२१ मध्ये बीजीएमआय. वर्तुळ मात्र तेच.